कोरल उघडत नाही, म्हणून फॉरमॅट?

मोसम नदीकाठचं नामपूर हे बागलाण तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत इथे लिलावासाठी ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. डाळिंबाचे व्यवहार होतात, लग्नसराईत कपड्यांच्या आणि भांड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. या सगळ्या उलाढालीला कागद लागतो आणि फ्लेक्सही लागतो. व्यापाऱ्याची पावती पुस्तकं, डाळिंबाच्या खोक्यावरचं लेबल, साखरपुड्याची पत्रिका, वाढदिवसाचा चौकातला फलक, दशक्रियेचं कार्ड आणि सटाण्याला देवमामलेदारांची यात्रा भरली की तिच्या शुभेच्छांचे बॅनर. असं सगळं काम अशा गावात एखाद्या दहा बाय बाराच्या गाळ्यात एका लॅपटॉपवर होतं. बहुतेक वेळा तो लॅपटॉप जुना असतो आणि बाहेर गिऱ्हाईक उभं असतं.

अशा लॅपटॉपवर कधीतरी सकाळी कोरलड्रॉच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारली जाते. रंगीत पाटी झळकते, तीन-चार सेकंद काहीतरी चाललंय असं वाटतं आणि पाटी नाहीशी होते. पुन्हा टिचकी, पुन्हा तेच. कधी ‘हॅज स्टॉप्ड वर्किंग’ असा निरोप येतो, कधी तोही येत नाही. बाकी लॅपटॉप ठणठणीत असतो. इंटरनेट चालतं, गाणी वाजतात, फक्त पोटापाण्याचं सॉफ्टवेअर तेवढं उघडत नाही.

अशा वेळी गावोगाव एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मारून घे. मग लॅपटॉप मालेगावला किंवा सटाण्याला जातो, एक-दोन दिवस काम बंद राहतं, विंडोज नव्याने टाकलं जातं आणि त्या धांदलीत डेस्कटॉपवर ठेवलेल्या पाच वर्षांच्या पत्रिका, गोळा केलेले फॉन्ट, गिऱ्हाइकांचे लोगो वाहून जातात. एवढं करून कधी कधी आठ दिवसांत तोच आजार परत येतो, कारण तो विंडोजमध्ये नव्हताच. उघडतानाच बंद पडणाऱ्या सॉफ्टवेअरचा दोष बहुतेकदा मोजक्या जागी असतो आणि पडताना ते आपली खूण मागे ठेवून जातं. ती खूण वाचायला दहा मिनिटं लागतात. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे. आपल्याकडे तो पहिला झाला, हे या धंद्याचं मोठं नुकसान आहे.

त्या तीन-चार सेकंदांत आत काय चालतं, ते आधी पाहू. ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर सुरू होताना ठरावीक क्रमाने कामं उरकतं. आधी स्वतःच्या मदतनीस फायली शोधतं, मग मागच्या वेळच्या सेटिंगची फाईल वाचतं, मशीनमधले फॉन्ट मोजतं, जोडलेली प्लगइन म्हणजे बाहेरून बसवलेले जोडभाग उघडतं, प्रिंटरला कागदाचा आकार विचारतं आणि चित्र दाखवण्यासाठी ग्राफिक्स चिपशी बोलणी सुरू करतं. क्रम सॉफ्टवेअरगणिक मागेपुढे होतो, पण कामं साधारण हीच. यांतल्या एखाद्या दारात अडखळलं की सगळा डोलारा कोसळतो. गिंप आणि फोटोशॉप यांच्या सुरुवातीच्या पाटीवर बारीक अक्षरात चालू कामाचं नाव येत असतं. फॉन्ट वाचताना ते अडकलं, तर तसं तिथे लिहिलेलं असतं. मोबाइल समोर धरून त्या पाटीचा व्हिडिओ काढायचा आणि थांबवत थांबवत पाहायचा. शेवटची ओळ कुठली होती, ते कळलं की निम्मं काम झालं.

दुसरी खूण विंडोज जपून ठेवतं. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द टाकला की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ नावाचं पान उघडतं. त्यावर दिवसवार लाल फुल्या दिसतात. आजच्या फुलीवर टिचकी मारली, की कोणतं सॉफ्टवेअर किती वाजता पडलं याची नोंद मिळते. याहून तपशीलवार नोंद ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये असते. तिथल्या ‘अॅप्लिकेशन’ या वहीत १००० क्रमांकाची लाल नोंद शोधायची. तिच्यात ‘फॉल्टिंग मोड्यूल’ अशी एक ओळ असते. पडण्याच्या क्षणी कोणत्या फाईलचं काम चालू होतं, ते ही ओळ सांगते.

त्या फाईलच्या नावाची सुरुवातीची अक्षरं महत्त्वाची. ‘एनव्ही’ने सुरू होणारं नाव असेल तर बोट एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरकडे जातं. ‘एटीआय’ने सुरू होणारं असेल तर एएमडीकडे (एटीआय ही कंपनी एएमडीने २००६ साली विकत घेतली, जुनं नाव फायलींत राहिलं) आणि ‘आयजी’ने सुरू होणारं असेल तर इंटेलकडे. नाव एखाद्या प्लगइनचं असेल तर ते प्लगइन काढून पाहायचं. मात्र ‘एनटीडीएलएल’ किंवा ‘कर्नलबेस’ अशी नावं आली तर घाईने निष्कर्ष काढू नये. या विंडोजच्या मूळ फायली आहेत. चूक दुसऱ्याने केलेली असते आणि पडणं त्यांच्या अंगणात होतं. या दोन नावांमुळे विंडोजच खराब झालं असं समजून फॉरमॅट केलेले लॅपटॉप कमी नसतील.

आता ग्राफिक्स ड्रायव्हर. लॅपटॉपच्या बाबतीत ही गोष्ट थोडी निराळी आहे, कारण अनेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरच्या पोटातलं, कमी वीज खाणारं. दुसरं वेगळ्या चिपचं, दमदार. कामाप्रमाणे आपोआप या दोघांत अदलाबदल करणारं ऑप्टिमस हे तंत्र एनव्हिडियाने २०१० मध्ये आणलं. बॅटरी वाचते हे खरं, पण सॉफ्टवेअर सुरू होताना कोणाशी बोलायचं याचा घोळ होऊ शकतो. त्यावरचा उपाय सेटिंगमध्येच आहे. डिस्प्लेच्या पानावर ‘ग्राफिक्स’ हा भाग असतो. तिथे आपलं सॉफ्टवेअर निवडून त्याला ‘पॉवर सेव्हिंग’ म्हणजे आतलं ग्राफिक्स किंवा ‘हाय परफॉर्मन्स’ म्हणजे दमदार चिप नेमून द्यायची. एकीवर पडत असेल तर दुसरीवर चालवून पाहायचं. एका चिपवर चालतं आणि दुसरीवर पडतं असं दिसलं, की दोष त्या दुसरीच्या ड्रायव्हरकडे आहे हे जवळपास नक्की.

ड्रायव्हर म्हणजे चिप आणि विंडोज यांच्यातला दुभाषा. कालपर्यंत चालणारं सॉफ्टवेअर आज अचानक पडत असेल, तर रात्री विंडोज अपडेटने दुभाषा बदलला का, हे आधी पाहायला हवं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अॅडॅप्टर्स’खाली चिपचं नाव असतं. तिथे ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असतं. ते दाबता येत असेल तर जुना दुभाषा परत येतो. बटण फिकट असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर आणून टाकावा. आणि तिथे चिपच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर’ असं लिहिलेलं दिसलं, तर खरा ड्रायव्हर मुळात लागलेलाच नाही. गंमत अशी की फॉरमॅट करून आणलेल्या मशीनवर हीच अवस्था बरेचदा आढळते.

ड्रायव्हरचा प्रश्न कधी वयाचा असतो. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं मोफत सॉफ्टवेअर अॅनिमेशन शिकणारी मुलं आवर्जून उतरवतात. त्याची २.८० ही आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि तिने ओपनजीएल या चित्रभाषेची ३.३ पायरी सक्तीची केली. २०११ च्या सुमाराच्या लॅपटॉपमधलं इंटेल एचडी ३००० हे ग्राफिक्स विंडोजवर ३.१ च्या पुढे जात नाही. तिथे नवं ब्लेंडर कितीही वेळा टाकलं, मशीन कितीही वेळा धुऊन पुसून घेतलं, तरी उपयोग नाही. मात्र आधीची २.७९ आवृत्ती ब्लेंडरच्या संकेतस्थळावर आजही मोफत मिळते आणि शिकायला ती पुरते. कॉलेजला जाणाऱ्या मुलाला जुना लॅपटॉप मिळाला असेल, तर ही एवढी माहिती नव्या लॅपटॉपचा खर्च वाचवू शकते.

सेटिंगच्या फाईलचं दुखणं गावाकडे जास्त का दिसावं, याला विजेचं कारण आहे. जुन्या लॅपटॉपची बॅटरी संपलेली असते आणि तो थेट चार्जरवर चालतो. भारनियमनात किंवा फ्यूज उडाल्यावर वीज गेली की तो त्याच क्षणी मरतो. त्या क्षणी सॉफ्टवेअर आपली सेटिंगची फाईल लिहीत असेल तर ती अर्धवट राहते. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर तीच अर्धवट फाईल वाचायला जातं आणि कोसळतं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं तरी फरक पडत नाही, कारण ही फाईल सॉफ्टवेअरच्या घरात राहत नाही. ती वापरणाऱ्याच्या ‘अॅपडेटा’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असते आणि सॉफ्टवेअर काढलं तरी तिथेच पडून राहते.

ती फाईल बाजूला सारायची युक्ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच ठेवलेली आहे. कोरलड्रॉ सुरू करताना एफ ८ हे बटण दाबून धरलं, की मूळ मांडणी परत आणू का, असा प्रश्न येतो. फोटोशॉपला टिचकी मारताच कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट ही तिन्ही बटणं एकदम दाबून धरली, की सेटिंगची फाईल काढून टाकू का, असं विचारलं जातं. क्रिटा या मोफत चित्र-सॉफ्टवेअरसाठीही हीच तीन बटणं. फोटोशॉप सुरू होताना नुसतं शिफ्ट दाबलं तर बाहेरची प्लगइन न उघडता ते सुरू होतं. ब्लेंडरच्या विंडोजवरच्या फोल्डरमध्ये ‘फॅक्टरी स्टार्टअप’ नावाची छोटी फाईल याच कामासाठी ठेवलेली असते. कोरलसारखंच काम करणाऱ्या इंकस्केपमध्ये ‘प्रेफरन्सेस’ या फाईलचं नाव बदललं की पुढच्या वेळी ते नवी कोरी फाईल तयार करतं. नाव बदलावं, फाईल पुसू नये. दोष तिच्यात नव्हता असं निघालं तर जुनं नाव परत देता येतं.

एवढ्यानेही भागलं नाही तर एक चाचणी सगळ्यांत भरवशाची आहे. विंडोजमध्ये दुसरा वापरकर्ता तयार करायचा आणि त्याच्या नावाने आत शिरून तेच सॉफ्टवेअर उघडायचं. नव्या माणसाकडे जुनी सेटिंग नसतात. त्याच्याकडे ते सुरू झालं, तर विंडोज ठीक आहे, ड्रायव्हर ठीक आहे, सॉफ्टवेअरही ठीक आहे. बिघाड फक्त जुन्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये आहे. फॉरमॅटचा विषय तिथेच संपतो. नव्या वापरकर्त्याचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवावं. ते देवनागरीत ठेवलं की त्याच नावाचं फोल्डर तयार होतं आणि काही जुन्या सॉफ्टवेअरना तो पत्ता वाचता येत नाही.

मराठी डीटीपीवाल्यांचा खास आजार म्हणजे फॉन्ट. इंग्रजीत काम करणाऱ्याच्या मशीनवर शंभर-दीडशे फॉन्ट पुरतात. मराठी पत्रिका करणाऱ्याकडे ते आठशे-हजार होतात, आणि त्यामागे पस्तीसेक वर्षांचा इतिहास आहे. युनिकोड ही सगळ्या लिपींची सामायिक संकेतपद्धत रुळण्याआधी देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवली जात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम, शिवाय ‘आकृती’, अशी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं होती आणि प्रत्येकाची बसवण्याची रीत वेगळी. एका दुकानाचं काम दुसऱ्या दुकानात उघडायचं तर तोच फॉन्ट हवा. म्हणून पेनड्राइव्हवरून फॉन्टच्या गठड्या गावोगाव फिरल्या. सी-डॅकचे ‘योगेश’ आणि ‘सुरेख’ किंवा श्रीलिपीचे क्रमांकाने ओळखले जाणारे फॉन्ट एकाच मशीनवर दोन-तीन वेगवेगळ्या आवृत्त्यांत, पण एकाच नावाने नांदताना दिसतात. कॉपी करताना तुटलेल्या फायली त्यांतच मिसळलेल्या असतात. ग्राफिक्स सॉफ्टवेअर उघडताना हा सगळा बाजार मोजून घेतं, आणि एखादी तुटकी फाईल हाताला लागली की अडखळतं. वर्डसारखं सॉफ्टवेअर तीच फाईल निमूट ओलांडून जातं, म्हणून ‘वर्ड चालतं, मग फॉन्ट कसा खराब असेल’ असा समज होतो. तो चुकीचा आहे.

आठशे-हजारांतून एक नासका फॉन्ट शोधायचा कसा? कांद्याच्या ढिगातला नासका कांदा वासाने कळतो, इथे वास नाही. पण रीत सोपी आहे. आपण स्वतः टाकलेले फॉन्ट एका वेगळ्या फोल्डरमध्ये नक्कल करून ठेवायचे. मग त्यांतले निम्मे काढून सॉफ्टवेअर उघडून पाहायचं. उघडलं, तर दोषी काढलेल्या निम्म्यांत आहे. नाही उघडलं, तर राहिलेल्यांत. ज्या निम्म्यांत दोषी आहे त्याचे पुन्हा दोन भाग. नऊशे फॉन्ट असले तरी ४५०, २२५, ११३, ५७ असं करत दहाव्या फेरीला एकच फॉन्ट हातात उरतो. प्रत्येक फेरीला तीन-चार मिनिटं धरली तरी तासाभराच्या आत काम होतं. विंडोजबरोबर आलेल्या फॉन्टना मात्र हात लावायचा नाही. त्यांत आपल्या जिव्हाळ्याचा एक आहे: ‘मंगल’. तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला आणि विंडोज २००० पासून तो जगभरच्या संगणकांत गेला.

आज युनिकोडमध्ये मराठीसाठी चांगले, मोफत फॉन्ट आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ पत्रिकेपासून फ्लेक्सपर्यंत चालतात. जुन्या कामांसाठी जुने फॉन्ट लागतीलच, पण ते रोज सगळे लावून ठेवायची गरज नाही. लागेल तेव्हा लावावेत, काम झालं की काढावेत. उघडायला लागणारा वेळही त्याने कमी होतो.

प्रिंटरमुळे सॉफ्टवेअर पडू शकतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण कोरलड्रॉ उघडताना ठरलेल्या प्रिंटरची चौकशी करतं. तो प्रिंटर कधीच विकून टाकलेला, किंवा शेजारच्या दुकानातल्या मशीनला नेटवर्कने जोडलेला आणि ते मशीन बंद, किंवा त्याचा ड्रायव्हर बिघडलेला, अशा वेळी उत्तर येत नाही आणि कोरल तिथेच गळपटतं. ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा कागदाविना चालणारा प्रिंटर मुख्य म्हणून निवडायचा आणि पुन्हा उघडून पाहायचं. अर्ध्या मिनिटाची ही चाचणी सगळ्यांत आधी करावी इतकी स्वस्त आहे.

भरलेली सी ड्राइव्ह हाही वाटेतला एक दगड. फोटोशॉप काम करताना डिस्कवर कच्च्या वहीसारखी जागा वापरतं. ती नसेल तर ‘स्क्रॅच डिस्क्स आर फुल’ असा निरोप देऊन उघडायलाच नकार देतं. तेव्हा सुरू करताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून दुसरी ड्राइव्ह निवडता येते. पण खरं औषध म्हणजे डाउनलोडमध्ये साठलेली लग्नांची शूटिंग दुसरीकडे हलवणं.

एक अवघड विषय टाळून चालणार नाही. छोट्या गावांतल्या अनेक मशीनवर ही सॉफ्टवेअरं क्रॅक केलेली असतात. क्रॅक म्हणजे सॉफ्टवेअरची एखादी मूळ फाईल बदलून तिथे अनोळखी माणसाने बनवलेली फाईल बसवणं. अँटिव्हायरस ती फाईल उचलून नेतो आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या सकाळी उघडत नाही; या लेखातली कुठलीही युक्ती तिथे लागू पडत नाही. त्याहून वाईट म्हणजे, क्रॅक टाकताना ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते, आणि त्या उघड्या दारातून आलेल्या व्हायरसने सगळ्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागण्याचे प्रकार जगभर घडले आहेत. ज्याच्या मशीनवर गावच्या लोकांची आधार कार्डं, फोटो, सह्या स्कॅन होतात, त्याने हा धोका पत्करू नये. इंकस्केप, गिंप, क्रिटा आणि ब्लेंडर ही चारही सॉफ्टवेअरं मोफत आणि कायदेशीर आहेत. कोरलची सवय असलेल्या हाताला इंकस्केप सुरुवातीला जड जातं, हे मान्य. पण पावती पुस्तक आणि पत्रिका त्यात उत्तम होतात.

पडताना सॉफ्टवेअर दाखवतं त्या निरोपावर आंधळा विश्वास ठेवू नये, याचं अलीकडचं मोठं उदाहरण २०२४ चं आहे. जगभर अनेकांचे संगणकावरचे खेळ सुरू होतानाच पडू लागले. पडद्यावर निरोप येई की ग्राफिक्सची मेमरी संपली. लोकांनी ग्राफिक्स ड्रायव्हर बदलले, काहींनी ग्राफिक्स कार्डंच बदलली. अखेर दोष निघाला इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये. काही वेळा त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं. खेळ सुरू होताना प्रोसेसरवर एकदम भार येई, हिशेब चुके, आणि चुकलेल्या हिशेबाचं खापर ग्राफिक्सवर फुटे. इंटेलने ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. लॅपटॉपमधल्या प्रोसेसरना हा दोष नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं.

तापलेला लॅपटॉप आणि उघडताच पडणारं सॉफ्टवेअर यांची मात्र गल्लत होऊ नये. धुळीने पंखा गच्च झाला असेल तर मशीन काम चालू असताना, पाच-दहा मिनिटांनी दम टाकतं. सकाळी थंड मशीनवर चौथ्या सेकंदाला पडणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी पंखा साफ करून घेणं चांगलंच, पण त्याने हा आजार बरा होण्याची शक्यता कमी.

आणि एवढं सगळं करूनही फॉरमॅटच करायची वेळ आली, डिस्कच मरायला टेकली असेल किंवा मशीनभर व्हायरस पसरला असेल, तर लॅपटॉप दुकानात देण्याआधी चार गोष्टी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड हे तिन्ही फोल्डर, कारण ‘सी ड्राइव्ह पुसली’ म्हणजे हे तिन्ही गेले. स्वतः टाकलेले फॉन्ट. सॉफ्टवेअरच्या परवान्याचे क्रमांक आणि ज्या ईमेलवर ते घेतले त्याचा पासवर्ड. आणि डिव्हाइस मॅनेजरच्या ‘ड्रायव्हर’ पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो. ज्या तारखेच्या आणि क्रमांकाच्या ड्रायव्हरवर मशीन वर्षभर सुरळीत चाललं, तो क्रमांक नवं विंडोज टाकणाऱ्याला दाखवता आला, तर तो नेमका तोच ड्रायव्हर शोधून बसवू शकतो.